तैलरंग गढूळ होतात तेव्हा नेमकं काय चुकतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमचं वय ३९, राहणं ऐरोलीत वन बीएचकेमध्ये, घरात चार वर्षांची मुलगी. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. जूनच्या शेवटी १२ ट्यूबचा ऑइल कलरचा सेट आणि १८ बाय २४ इंचाचा कॅनव्हास आणला. मोबाइलमधल्या फोटोवरून ठाण्याच्या मासुंदा तलावावरचा सूर्यास्त रंगवायला घेतला. आकाशातले केशरी आणि निळा एकमेकांत जाऊन मातकट राखाडी झाले, आणि जितकं सुधारायला गेलात तितकं बिघडत गेलं. ११ दिवस झाले तरी रंग बोटाला लागतोय, आणि रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासाने घरातली माणसं हैराण आहेत. म्हणून विचारताय की ॲक्रिलिककडे वळू का, कुठल्या कंपनीचे रंग घेऊ, क्लास लावू की व्हिडिओ बघून जमेल, आणि या वयात हे येईल का.

मी नौपाड्यात राहते आणि गेली २३ वर्षं नोकरदार, गृहिणी, निवृत्त अशा मोठ्या माणसांना ऑइल शिकवते. त्यातले बहुतेकजण तुमच्यासारखेच ग्रेड परीक्षांनंतर वीस-पंचवीस वर्षांची खाडी ओलांडून आलेले असतात. तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरं देते. पण तुमचं चित्र ज्यामुळे बिघडलं ते कारण या चारांत नाही, म्हणून सुरुवात तिथून करते.

तुम्ही चित्राचा जो फोटो टाकला आहे तो मी मोबाइलवर काळा-पांढरा करून पाहिला. तुम्हीही आत्ताच करून बघा. आकाश, पाणी आणि पलीकडच्या काठावरची झाडं, तिन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगाची दिसतात. तलावाच्या मधलं देऊळ तर दिसेनासंच होतं. आता मूळ फोटो तसाच काळा-पांढरा करा. आकाश फिकं, पाणी त्याहून जरा गडद, झाडं आणि देऊळ जवळपास काळे, अशा तीन पायऱ्या स्वच्छ वेगळ्या दिसतील. तुमच्या चित्रातून हरवल्या आहेत त्या या पायऱ्या. आम्ही याला टोन म्हणतो. एखादी जागा केशरी आहे की निळी हा झाला रंग, आणि ती किती उजळ किंवा किती काळोखी हा झाला टोन. तुम्ही सगळा वेळ रंग जुळवत होतात, टोनकडे लक्षच गेलं नाही. नव्याने शिकणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांचं हेच होतं, कारण रंग डोळ्यांत भरतो आणि टोन मुद्दाम बघावा लागतो.

‘गढूळ’ या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचंय. तुम्ही ऐरोलीचे, तेव्हा ओहोटीच्या वेळी पुलावरून खाडीकडे पाहिलं असेलच. तिथे अक्षरशः चिखल असतो. तपकिरी, राखाडी, हिरवट. ट्यूबमधून असा रंग निघाला तर आपण नाक मुरडू. पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच चिखलावर पाण्याचे पट्टे चकाकतात, कडेला कांदळवनाची गडद रेघ असते, आणि ते दृश्य इतकं सुंदर दिसतं की गाडी थांबवावीशी वाटते. रंग चिखलाचाच आहे, तरी गढूळ वाटत नाही, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या पायरीवर आहे. म्हणून माझ्या वर्गात मी ‘घाण रंग’ हे शब्द वापरू देत नाही. रंग चुकीच्या जागी, चुकीच्या पायरीवर पडला की तो घाण दिसतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतल्या चित्रकाराचं आहे. सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचं ‘ग्लो ऑफ होप’ तुम्ही छापील स्वरूपात नक्की पाहिलेलं असणार. एक स्त्री हातात दिवा धरून उभी आहे, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा आहे, चेहऱ्यावर त्या दिव्याचा उजेड. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते तैलचित्र समजतात, ते जलरंगातलं आहे. इतका उजेड फक्त ऑइलमध्येच येतो असं आपण धरून चालतो, पण तो उजेड आला आहे भोवतीच्या अंधारामुळे. चित्रातला बराचसा भाग काळोखाकडे झुकलेला आहे, म्हणून तेवढा चेहरा आणि हात पेटल्यासारखे दिसतात. माध्यम बदलून तुम्हाला हे मिळणार नाही आणि महागड्या ट्यूबमधूनही मिळणार नाही. ते बघण्याच्या सवयीतून येतं, आणि ती सवय लावता येते.

कशी लावायची ते सांगते. सूर्यास्त सध्या बाजूला ठेवा. तो सगळ्यात अवघड विषयांपैकी एक आहे, कारण केशरी आणि निळा हे विरोधी रंग आहेत. ओल्यात ओले भेटले की दोघंही एकमेकांचा रंग मारतात आणि राखाडी उरतो. सेटमधली बर्न्ट अंबरची, म्हणजे गडद तपकिरी ट्यूब काढा, नसेल तर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. बाकीच्या ११ ट्यूब कपाटात ठेवून द्या. प्लायवूडच्या दुकानातून पातळ एमडीएफ किंवा हार्डबोर्ड घ्या, ८ बाय १० इंचाचे पाच-सहा तुकडे कापून मागा, आणि त्यांना ॲक्रिलिक प्रायमर म्हणजे जेसोचे दोन-तीन हात द्या. प्रायमर टाळू नका. तेल सरळ कापडात, कागदात किंवा लाकडात मुरलं तर वरचा रंग कोरडा पडतो आणि काही वर्षांत खालचं कापड-कागद कुजत जातं. शिवाय २५० रुपयांच्या कॅनव्हाससमोर हात आखडतो. फळीच्या तुकड्यावर चूक करायला भीती वाटत नाही, आणि सुरुवातीला ती भीती जाणं फार गरजेचं असतं.

विषय म्हणून पांढरा चहाचा कप घ्या आणि तो पांढऱ्या रुमालावर ठेवा. खोलीतली ट्यूबलाइट बंद, पडदा ओढलेला, आणि डाव्या हाताला एकच टेबललॅम्प. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या दुहेरी पडतात आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. आता अंबरचा अगदी पातळ थर कापडाने घासून सगळ्या फळीवर लावा, चहाच्या डागाइतका तपकिरी दिसेल असा. त्यावर ब्रशने कपाची जुजबी रेघ काढा. मग जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून जिथे उजेड आहे तिथला रंग पुसा. जास्त उजेड तिथे जास्त पुसायचं, आणि सावलीत अंबरचा आणखी एक हात द्यायचा. पांढरा रंग अजिबात वापरायचा नाही, पांढरं म्हणजे खालचं प्रायमर.

हे करताना डोळे किलकिले करून बघा. बारकावे पुसट होतात आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे उरतात. आणखी एक साधी युक्ती आहे. करड्या पुठ्ठ्याला पेनाने वाटाण्याएवढं भोक पाडा आणि त्यातून कपाची सावलीची बाजू बघा, मग रुमालाची उजेडातली बाजू बघा. नौपाड्याच्याच एक निवृत्त बँक कर्मचारी बाई माझ्याकडे शिकायला येत होत्या. त्यांनी तोच कप चार आठवडे रंगवला. पहिल्या तीन वेळी त्यांच्या कपाची सावली फिकी राहिली, कारण मन सांगत होतं की कप पांढरा आहे. चौथ्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या भोकातून बघता बघता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, हा कप पांढरा नाहीच!” त्या दिवसापासून त्यांची चित्रं बदलली. पांढरा शुभ्र तुकडा कपावर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो, बाकी सगळ्या करड्याच्या पायऱ्या. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की ते विसरता येत नाही.

किती दिवस करायचं हे तुमच्या वेळेवर आहे. आठवड्यातून तीन रात्री तास-तास मिळत असेल तर सहा आठवडे धरा. कपानंतर अंडं, मग वांगं, मग पितळेचा तांब्या. वांगं मुद्दाम सांगते. त्याची चकाकी आणि गडद अंग यांतलं अंतर इतकं मोठं असतं की टोन चुकला तर लगेच कळतं. तिसऱ्या आठवड्यापासून पांढरा रंग घ्या आणि अंबर अधिक पांढरा अशा पाच पायऱ्या पॅलेटवर आधी कालवून ठेवा, मगच चित्राला हात लावा. पॅलेट म्हणून एखादी जाड काच चालते. कडा घासून घ्या आणि खाली करडा कागद चिकटवा, म्हणजे टोनचा अंदाज पॅलेटवरच येतो.

त्यानंतर रंग आणा, पण मोजके. पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा, एवढ्या चार ट्यूबवर मी विद्यार्थ्यांना किमान चार महिने ठेवते. ऑकर आणि सिएना ही मातीच्याच कुळातली मंडळी. वारली चित्रांची भिंत ज्या गेरूने सारवतात, त्या गेरूत आणि सिएनात रंग देणारं द्रव्य एकच, लोहाचं ऑक्साइड. सिएनात अल्ट्रामरीन मिसळला की काळ्याच्या जवळ जाणारा खोल रंग मिळतो आणि काळ्या ट्यूबची गरजच राहत नाही. त्याच मिश्रणात पांढरा घातला आणि निळा थोडा वाढवला तर पावसाळी ढग, सिएना वाढवली तर खाडीचा चिखल. आपल्याकडच्या जुलैतलं निम्मं जग या दोन ट्यूबमध्ये आहे. रंग कमी असले की मिसळताना नेमकं कशामुळे काय झालं ते लक्षात राहतं. १२ ट्यूब उघड्या असल्या की प्रत्येक मिश्रणात चार-पाच रंग शिरतात, आणि तेवढे रंग एकत्र आले की बहुधा मातकटच उरतं.

इथे तुमच्या इंटरमिजिएटच्या सवयीबद्दल एक सांगायला हवं. वस्तुचित्र असो की स्मरणचित्र, आपण शाळेत बहुतेक पाण्याच्या रंगांत वाढलो. हात शिकला तो असा: आधी फिकं, मग गडद, उजेडासाठी कागद पांढरा सोडायचा, रंग जड वाटला की पाणी ओतायचं, आणि रंग बदलताना ब्रश पाण्यात खळखळ धुवायचा. ऑइलमध्ये यातलं जवळजवळ सगळं उलटं होतं. गडद भाग आधी आणि पातळ, उजेड शेवटी आणि जाड. ब्रश दर वेळी टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा नाही, कापडाने पिळून पुसायचा. तुम्ही लिहिलंय की ‘प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश नीट धुतला’. गढूळपणाचं दुसरं कारण बहुधा तिथेच आहे. मळलेल्या टर्पेंटाइनमधला सगळ्या रंगांचा गाळ ब्रशमार्फत पुन्हा आकाशात गेला. एक ब्रश गडदासाठी, एक मधल्या टोनसाठी, एक फक्त उजेडासाठी असे तीन ब्रश वेगळे ठेवा. राठ केसांचे, चपटे, ४, ६ आणि ८ नंबरचे पुरतील. फटकारा मारल्यावर तो तिथेच सोडून द्या. ओल्या रंगावर तोच ब्रश पाच वेळा फिरवला की खालचा रंग वर येतोच येतो.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर असं: आधी एक रंग, मग चार, आधी टोन, मग रंग, छोटी फळी, एकच दिवा, आणि ब्रश कापडाने पुसायचा. आता सुकण्याचं आणि घरातल्या अडचणींचं बघू.

तैलरंग कपड्यांसारखे वाळत नाहीत. कपड्यांतलं पाणी उडून जातं. तैलरंगात पाणी नसतं, जवसाचं तेल असतं, आणि ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन हळूहळू घट्ट, चिवट पापुद्र्यात बदलतं. सुरुवातीला तर या थराचं वजन वाढतं. आपण ज्याची चटणी करतो तेच हे जवस, ज्याला काही घरांत अळशी म्हणतात. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल महिनोन्महिने ठेवलं तरी असं सुकत नाही, म्हणून चित्रकारांनी जवस निवडलं. पांढऱ्या रंगात कधी करडईचं तेलही वापरतात, कारण ते कमी पिवळं पडतं, मात्र सुकायला जास्त वेळ घेतं. प्रत्येक रंगाचा वेगही वेगळा. अंबरमध्ये मँगनीज असतं, म्हणून तो दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. पांढरा आणि किरमिजी आठवडा-दहा दिवस सहज घेतात. त्यात तुम्ही सुरुवात केलीत ऐन पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत माझ्याकडे प्रत्येक थर हिवाळ्याच्या दीडपट-दुप्पट वेळ घेतो. तेव्हा पांढरा भरपूर असलेला जाड थर ११ दिवसांत ओला असणं यात काहीच बिघडलेलं नाही. हेअर ड्रायर लावू नका, वरची साय सुकते आणि आतलं तसंच राहतं. हवा खेळती ठेवा आणि चित्र उजेडात ठेवा. बंद कपाटात ठेवलेलं ओलं चित्र पिवळसर पडतं, पुढे उजेडात ठेवल्यावर ते बऱ्याच अंशी निवळतं, पण मुळात तसं होऊ देऊ नये. पावसाळ्यात भिंतीला चिकटून ठेवलेल्या कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीही धरते, म्हणून मागे चार बोटं जागा सोडा.

सुकण्याच्या या फरकामुळेच एक जुना नियम आहे: खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचा त्याहून तेलकट. विद्यार्थिदशेत मी हा नियम ऐकला होता पण मनावर घेतला नव्हता. आजीचं व्यक्तिचित्र करताना कपाळावर जवसाचं तेल घालून पांढऱ्याचा भरपूर जाड थर दिला आणि दोन आठवड्यांतच त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर ओढला. वरचा अंबर झटकन सुकला, खालचं आतून महिनोन्महिने हलत राहिलं. दोन वर्षांनी आजीच्या कपाळावर बारीक भेगांचं जाळं पडलं होतं. आजी तेव्हा हयात नव्हती, ते चित्र मला पुन्हा करता आलं नाही. म्हणून या नियमाच्या बाबतीत मी विद्यार्थ्यांना फार टोचते, आणि तुम्हालाही सांगते की पहिले सहा महिने वरून तेल ओतूच नका. ट्यूबमधलं तेल पुरेसं असतं.

आता वास. हा मुद्दा घरातल्यांनी काढला ते बरं झालं, कारण चार वर्षांच्या मुलीच्या घरात तो दुय्यम नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन बहुधा पेट्रोलियमपासून केलेलं असतं आणि कलासाहित्याच्या दुकानातलं चांगलं टर्पेंटाइन चीर या पाइनच्या झाडाच्या डिंकापासून. वाफ दोन्हींची त्रासदायकच. बिनवासाच्या द्रावकाचीही वाफ असतेच, फक्त कळत नाही. खाडीजवळच्या घरांत संध्याकाळी डासांमुळे खिडक्या बंद होतात हे मला ठाऊक आहे, म्हणून खिडकीला जाळी नसेल तर आधी ती लावून घ्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे टर्पेंटाइन जवळपास वगळणं. वर सांगितलेल्या अंबर पुसण्याच्या पद्धतीत ते लागतच नाही. ब्रश साफ करताना आधी कापडाने पुसा, मग थोड्या जवसाच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात फिरवून पुन्हा पुसा, आणि शेवटी भांड्यांच्या साबणाने तळहातावर फेस काढून कोमट पाण्याने धुवा, फेस पांढरा येईपर्यंत. तेल ब्रशमध्ये राहता कामा नये, नाहीतर पुढचा रंग सुकायला उशीर होतो.

यापेक्षा महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही: जवसाच्या तेलाने भिजलेली कापडं बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाल्कनीत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा, मग टाका. वापरलेलं टर्पेंटाइन सिंकमध्ये ओतू नका. झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं निवळ पुन्हा वापरता येतं. रंगवताना खाणं-पिणं नको, काही रंगद्रव्यांत शिसं किंवा कॅडमियम असतं. त्याच कारणाने वाळलेलं चित्र पॉलिश पेपरने घासू नका. आणि ओली फळी मुलीच्या हाताला लागू नये म्हणून पिझ्झ्याचा रिकामा खोका ठेवा. कोपऱ्यांत चार बाटल्यांची बुचं चिकटवून त्यांवर ८ बाय १० ची फळी ठेवायची, झाकण अर्धवट उघडं, आणि खोका कपाटावर, छतावरच्या दिव्याच्या उजेडात.

मग ॲक्रिलिकचं काय? आधी ॲक्रिलिक आणि मग ऑइल असा काही क्रम नाही. घरात कुणाला दमा असेल, किंवा रंगवायच्या जागी खिडकीच नसेल, तर मी बिनदिक्कत ॲक्रिलिक सांगेन, आणि टोनचा वरचा सगळा अभ्यास त्यातही तसाच होतो. पण तुम्ही लिहिलंय की मुलगी झोपल्यावर रात्री तासभर मिळतो. तुमच्या अशा आयुष्याला ऑइलच जास्त मानवेल असं मला वाटतं. पंख्याखाली ॲक्रिलिक दहा-पंधरा मिनिटांत सुकतं, मधेच मुलगी उठली तर पॅलेटवरचा रंग गेला. ऑइलचा रंग उद्या रात्रीही तसाच वाट बघत असतो. ज्या हळूपणाने तुम्ही वैतागलात तो तुमच्या दिनक्रमाच्या बाजूचा आहे. एवढं लक्षात ठेवा की ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर ॲक्रिलिक कधीही नाही, ते धरत नाही.

कंपनीबद्दल: शिकायला कॅमलचे साधे ऑइल कलर चालतात. फरक असा की विद्यार्थ्यांसाठीच्या रंगांत रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त असतो. म्हणून पैसे कुठे टाकायचे तर पांढऱ्यावर. टायटॅनियम व्हाइटची आर्टिस्ट दर्जाची मोठी ट्यूब घ्या, चित्रात निम्म्याहून जास्त तोच जातो. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी वापरलेलं आहे असं समजा, ते वाईटच असतं असं नाही.

क्लासचं उत्तर शिक्षकावर अवलंबून आहे. जिथे महिन्याभरात प्रत्येकाच्या हातात घरी लावायला ‘पूर्ण पेंटिंग’ देतात, तिथे बहुतेक वेळा शिक्षकाचा ब्रश विद्यार्थ्याच्या कॅनव्हासवर फिरलेला असतो. प्रवेश घेण्याआधी एक तास बसून बघू द्या म्हणा. शिक्षक स्वतः समोर रंगवतात का, समोर खरी वस्तू ठेवतात की मोबाइलचा फोटो, एवढं पाहिलं तरी कळतं. व्हिडिओतून ब्रश कसा धरायचा हे शिकता येतं, तुमच्या कपाची सावली फिकी पडली आहे हे मात्र व्हिडिओ सांगू शकत नाही. क्लास जमत नसेल तर आरसा वापरा. चित्राकडे पाठ करून आरशातून बघितलं की लहान खोलीतही अंतर दुप्पट होतं आणि चुका उलट्या दिसल्याने चटकन कळतात.

आणि एखाद्या रविवारी लोकलने सीएसएमटी गाठा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. समोरच सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, आणि जहांगीर आर्ट गॅलरी पायी दोन मिनिटांवर. पुढे कधी गोव्याला गेलात तर पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत अँतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं बघा. ते आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकले आणि तिथेच शिकवत होते. चित्र समोरून बघून झालं की कडेला जाऊन तिरपं बघा. उजेडाच्या जागी रंग उंचावलेला दिसेल आणि सावलीत तो इतका पातळ की कापडाची वीण दिसते. छापील चित्रात किंवा स्क्रीनवर हे कळत नाही. मुलीलाही न्या.

वयाचं विचारलंत. माझ्याकडे सगळ्यात जास्त टिकून राहतात ते चाळिशीनंतर येणारेच.

कप, वांगं आणि तांब्या झाल्यावर दिवाळीच्या सुमारास मासुंदाचा सूर्यास्त पुन्हा घ्या. या वेळी ८ बाय १० च्या फळीवर, अंबर आणि त्या चार ट्यूबमध्ये. पहिल्या रात्री फक्त अंबरने तीन पायऱ्या मांडा, आकाश, पाणी, झाडं. दोन-तीन दिवस सुकू द्या. मग आकाशाचा निळा-करडा भरा आणि पुन्हा थांबा. तो कोरडा झाला की शेवटी ऑकर, सिएना आणि पांढऱ्याचा उजेड, एकाच जागी, जाड. सेटमधल्या केशरी ट्यूबचा मोह आवरा. भोवतीचा करडा बरोबर पडला असेल तर ऑकरच केशरी दिसायला लागतो. आणि थर सुकलाय का हे बघायला बोट लावायचं ते फळीच्या अगदी कडेला, आकाशाच्या मधे नाही.